‘द लाँग गुडबाय’ (१९७३): प्रत धुवट आहे की चित्रपटच तसा? आणि त्या शेवटाचं काय?

पडदा_उघडा

रॉबर्ट आल्टमनचा ‘द लाँग गुडबाय’ आमच्या फिल्म मंडळात दाखवायचं घाटतंय. निवडीच्या वेळीच दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, खुनाचं रहस्य असं मांडतात होय? नायक, खाजगी गुप्तहेर फिलिप मार्लो, अर्धा वेळ स्वतःशी पुटपुटतो, मांजरासाठी डबा शोधत फिरतो, आणि उलगडा व्हायचा तेव्हा आपोआप होतो. दुसऱ्या तटाला निओ-न्वारमध्ये (जुन्या काळोख्या गुन्हेपटांच्या धाटणीच्या नव्या चित्रपटांत) याच्या तोडीचं दुसरं काही दिसत नाही.

मला काही गोष्टी आधी पक्क्या करायच्या आहेत. आमच्याकडच्या डिस्कवर काळा रंग काळा दिसतच नाही, करडा दिसतो, आणि बाकीचे रंगही उडाल्यासारखे वाटतात. प्रत खराब आहे का? प्रोजेक्टरवर काँट्रास्ट वाढवून घेऊ का? संवादही धड ऐकू येत नाहीत, तर उपशीर्षकं ठेवावीत का? शिवाय लेनॉक्स, वेड नवरा-बायको आणि तो गुंड ऑगस्टीन यांचे धागे नेमके कुठे जुळतात, हे चर्चेत कुणीतरी विचारणारच. आणि शेवट. कादंबरी वाचलेले सभासद शेवटावर जाम चिडलेत.

उत्तरांत सगळं फुटणार हे उघड आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथूनच परत फिरावं.

निगेटिव्ह_पस्तीस

प्रत खराब नाही. काँट्रास्टला हात लावू नका, ही पहिली विनंती.

छायालेखक विल्मोश झिगमंड यांनी या चित्रपटात निगेटिव्ह ‘फ्लॅश’ केली आहे. शूटिंग झाल्यानंतर, पण फिल्म धुण्याआधी, प्रयोगशाळेत तिच्यावर सगळीकडे सारखा, अगदी मंद प्रकाश टाकायचा. आल्टमनना चाळीसच्या दशकातल्या जुन्या पिक्चर पोस्टकार्डांसारखे फिके रंग हवे होते, आणि हे दोघं १९७१च्या ‘मॅकेब अँड मिसेस मिलर’मध्ये फ्लॅशिंग करून बसले होतेच.

याचा परिणाम सावलीवरच का होतो, ते आकड्यांत बघा. समजा सावलीच्या भागातून निगेटिव्हवर १ एकक प्रकाश पडला आणि उजळ भागातून १००. गुणोत्तर १०० ला १, म्हणजे सुमारे साडेसहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). आता सगळीकडे ४ एकक प्रकाश वरून टाकला. सावली झाली ५, उजेड झाला १०४. गुणोत्तर जेमतेम २१ ला १, म्हणजे साडेचार स्टॉपच्या आत. उजळ भागाला कळलंसुद्धा नाही, सावली मात्र पाचपट वर आली. वरून टाकलेल्या प्रकाशाला स्वतःचा रंग नसला, तर सावलीतला मूळ रंग त्यात पातळ होतो. तुम्हाला ‘उडालेला’ वाटतोय तो हाच रंग.

त्या काळी हॉलिवूडमध्ये सर्रास वापरात असलेली कोडॅकची रंगीत निगेटिव्ह ५२५४ होती, वेग, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, फक्त १०० एएसए. आजच्या मानाने फारच मंद. फ्लॅशिंगमुळे सावलीतले बारकावे उंबरठ्याच्या वर येतात, त्यामुळे कमी दिव्यांत काम भागतं. रात्रीच्या समुद्राचे प्रसंग बघा. लाटांचा फेस दिसतो, त्यात माणूसही दिसतो, आणि तरी कुणी मोठे दिवे लावलेत असं वाटत नाही.

शूटिंगआधी फ्लॅश करायचं की नंतर, यातही फरक आहे. आधी केलं तर प्रसंग कसा निघणार हे माहीत नसताना प्रमाण ठरवावं लागतं. नंतर केलं तर प्रत्येक प्रसंगाच्या छोट्या तुकड्यावर चाचणी घेऊन प्रमाण ठरवता येतं. पण धोका मोठा असतो. प्रयोगशाळेत चूक झाली तर हातातलं झालेलं काम जातं, आणि ती निगेटिव्ह एकच असते. या कामासाठी झिगमंडना अमेरिकेच्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सचा छायालेखनाचा पुरस्कार मिळाला, तो उगीच नाही.

आता तुमच्या हॉलचं बघू.

चित्रपट पॅनाव्हिजनमध्ये, २.३५ ला १ या प्रमाणात आहे. पडदा १० फूट रुंद असेल तर चित्राची उंची साधारण सव्वाचार फूट येईल. १६:९ प्रोजेक्टरची पूर्ण चौकट ५ फूट साडेसात इंच उंच असते. म्हणजे वर आणि खाली आठ-आठ इंचांच्या पट्ट्या मोकळ्या राहतात. प्रोजेक्टरचा ‘काळा’ खरं तर करडाच असतो, म्हणून त्या पट्ट्यांवर काळं मांजरपाट किंवा मखमल लावा. एवढ्याने चित्र एकदम भरीव दिसायला लागतं.

चित्राने १६:९ चौकट पूर्ण भरलेली दिसली तर समजा की बाजू कापल्यात आणि सुमारे २४ टक्के चित्र गेलंय. जुन्या ४:३ प्रतीत तर ४३ टक्के जातं. या चित्रपटात ते परवडत नाही, कारण महत्त्वाची गोष्ट बऱ्याचदा कडेला किंवा काचेपलीकडे चालू असते.

‘डायनॅमिक काँट्रास्ट’ बंद ठेवा. चित्र गडद दिसलं की ते यंत्र आपोआप सावली दाबतं, म्हणजे प्रयोगशाळेत कष्टाने वर आणलेलं तुम्ही परत खाली ढकलता. ‘मोशन स्मूदिंग’ही बंद. आल्टमननी कॅमेरा सतत हलता ठेवायचा असं ठरवलं होतं, डॉली (चाकांच्या गाडीवरून कॅमेरा सरकवणं) किंवा झूम, बऱ्याचदा दोन्ही एकदम. काचेवरचं प्रतिबिंब एका दिशेने सरकतं, काचेपलीकडचा माणूस दुसऱ्या. मधल्या फ्रेम स्वतः बनवणारं यंत्र अशा वेळी गोंधळतं आणि माणसांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात.

काळेपणा तपासायची सोपी खूण: वरखालच्या पट्ट्या चित्रातल्या सर्वांत गडद भागापेक्षाही काळ्या दिसायला हव्यात. दोन्ही सारखेच काळे दिसले तर कुठेतरी सावली चिरडली जातेय. आणि हॉल पूर्ण अंधारा करा. एरवी खिडकीच्या फटीतला थोडा उजेड खपून जातो, इथे खपत नाही. चित्रातला काळा आधीच वर उचललेला आहे, त्यात बाहेरचा उजेड मिसळला की सगळं दुधट होतं.

एक वेगळी गोष्ट: घरगुती डिस्क विकत घेतल्याने जाहीर खेळाचा हक्क मिळत नाही. परवानगी वेगळी घ्यावी लागते.

मध्यलय

चित्राबद्दल वर सगळं आलंय. मी आवाजावर लिहितो, कारण यातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे आहे.

आधी तुमच्या डिस्कवरची लांबी बघा. चित्रपट ११२ मिनिटांचा आहे. तुमच्या प्रतीत तो एकशे साडेसात मिनिटांच्या आसपास संपत असेल तर ती सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमने पळवलेली युरोपीय प्रत आहे. तसं झालं की सगळे आवाज चार टक्क्यांनी चढतात, म्हणजे अर्ध्या स्वरापेक्षा थोडे कमी. मार्लो झालेल्या एलियट गुल्डचा खर्जातला पुटपुटता आवाज त्याने पातळ होतो आणि संवाद आणखी कळेनासे होतात. अशी प्रत असेल तर बदला.

ध्वनी मूळचा मोनो आहे. अ‍ॅम्प्लिफायरवर कृत्रिम सराउंड लावू नका. ते मोनो आवाज चारी बाजूंना पसरवतं आणि बोलणं अंधुक होतं. पडद्यामागे, मध्यभागी एक चांगला स्पीकर पुरेसा आहे. हॉलमध्ये घुमारा असेल तर सुमारे २०० ते ३०० हर्ट्झची पट्टी दोन-तीन डेसिबल खाली घ्या, शब्द सुटे होतील.

उपशीर्षकांबद्दल माझं मत: ठेवा. अमेरिकी बोलीतलं पुटपुटणं आपल्या प्रेक्षकाला कानांनी पकडता येणं अवघड आहे. फक्त ती चित्रावर न ठेवता खालच्या काळ्या पट्टीत सरकवा. व्हीएलसी या प्लेअरमध्ये ही सोय आहे. मग ती मखमल खालच्या बाजूला लावता येणार नाही, हे लक्षात घ्या. एक तोटा सांगून ठेवतो. उपशीर्षकात स्वतःशी केलेली बडबड आणि कामाचं वाक्य एकाच आकाराच्या अक्षरांत येतं. मार्लोचं बरंचसं बोलणं कुणी ऐकावं म्हणून नसतंच. प्रेक्षकांना हे आधी सांगितलं तर ते प्रत्येक वाक्यात सुगावा शोधणार नाहीत.

आता संगीत. जॉन विल्यम्सची चाल, जॉनी मर्सरचे शब्द, गाण्याचं नाव चित्रपटाचंच. अख्ख्या चित्रपटात पार्श्वसंगीत म्हणून तेवढंच आहे. सुरुवातीला मार्लो मध्यरात्री मांजराचं खाणं आणायला निघतो आणि दुसरीकडे लेनॉक्स गाडीतून येत असतो. चित्र इकडून तिकडे कापलं की गाणंही बदलतं: एका बाजूला पुरुषाचा आवाज, दुसरीकडे बाईचा, सुपरमार्केटात वाद्यांवरचं मिळमिळीत रूप. पुढे बारमधला पियानोवाला तेच गाणं बसवताना दिसतो, दाराची घंटा तीच चाल वाजवते, मेक्सिकोत अंत्ययात्रेचा बँड तेच वाजवतो. शहरात कुठेही जा, तीच चाल.

या चालीबाहेरचं ठळक संगीत एकच, ‘हुरे फॉर हॉलिवूड’ हे १९३७च्या ‘हॉलिवूड हॉटेल’ चित्रपटातलं गाणं. ते अगदी सुरुवातीला आणि अगदी शेवटी येतं. शेवटी काय झालं ते कळायला हे गाणं ऐकणं आवश्यक आहे. शेवटचा शॉट दिसला की लगेच दिवे लावणारा ऑपरेटर या चित्रपटाचं नुकसान करतो.

धागादोरा

कथानक क्रमाने लावून देतो. चित्रपट सांगतो त्या क्रमाने न जाता, घडलं त्या क्रमाने.

टेरी लेनॉक्स (जिम बाउटन, मूळचा बेसबॉल पिचर) गुंड मार्टी ऑगस्टीनची रोकड मेक्सिकोत पोचवायचं काम करतो. रक्कम ३,५५,००० डॉलर. लेनॉक्स मालिबू कॉलनीत राहतो. त्याच कॉलनीत लेखक रॉजर वेड आणि त्याची बायको आयलीन राहतात. लेनॉक्स आणि आयलीन यांचं प्रकरण चालू आहे. लेनॉक्स स्वतःची बायको सिल्व्हिया हिचा खून करतो. मग मित्राकडे, म्हणजे फिलिप मार्लोकडे येतो आणि मला तिहुआनाच्या सीमेवर सोड म्हणतो. त्याच्या गालावर ओरखडे आहेत. मार्लो ते बघतो, विचारतो, आणि मित्राने सांगितलेलं मान्य करतो.

मार्लो परत येतो तो थेट पोलिसांच्या तावडीत. तीन दिवस कोठडी. मग लेनॉक्सने मेक्सिकोत आत्महत्या केल्याची बातमी येते आणि पोलिसांच्या लेखी प्रकरण मिटतं. ऑगस्टीनच्या लेखी मिटत नाही, कारण पैसे गायब आहेत. लेनॉक्सला गाडीने नेणारा मार्लो होता, म्हणून तो मार्लोच्या मागे लागतो.

मग आयलीन मार्लोला कामावर घेते. दारुडा नवरा हरवलाय, शोधून द्या. आता मागे वळून हे नीट बघा. लेनॉक्सने मित्राला काय सांगितलं, मित्राला किती माहीत आहे, हे आयलीनला चाचपायचं असणार. तिच्या चेहऱ्यावर मारल्याची खूण आहे, पलंगावरून पडले म्हणते. मार्लो वेडला डॉ. व्हेरिंगरच्या क्लिनिकमधून सोडवून आणतो. पुढे तो ऑगस्टीनचा पाठलाग करतो आणि ती गाडी जाऊन थांबते वेडच्याच घरापाशी. इथे खुणेची गाठ बांधावी. तीन वेगळी प्रकरणं वाटत होती, ती एकाच वसाहतीत, एकाच घरात येऊन मिळाली.

समुद्रकिनाऱ्यावरच्या पार्टीत व्हेरिंगर सगळ्यांदेखत वेडच्या थोबाडीत मारतो. वेड हा भला दांडगा गडी (स्टर्लिंग हेडन), व्हेरिंगर बुटका (हेन्री गिब्सन), आणि वेड मान खाली घालून पैसे देतो. त्याच रात्री मार्लो आणि आयलीन खिडकीशी बोलत असतात. कॅमेरा हळूहळू दोघांच्या मधून काचेपलीकडे झूम करतो आणि तिथे वेड समुद्रात चालत शिरताना दिसतो. बोलणाऱ्या दोघांना पत्ता नाही. वर कापलेल्या प्रतींबद्दल लिहिलंय, त्याचं कारण हा शॉट. कडा कापल्या की दोन चेहऱ्यांमधला तो तोल बिघडतो.

वेड गेल्यावर आयलीन म्हणते, त्याचे सिल्व्हियाशी संबंध होते, खून त्यानेच केला असेल. मार्लो पोलिसांवर ओरडतो, आणि पोलीस शांतपणे सांगतात की त्या वेळी वेड क्लिनिकमध्ये होता. म्हणजे आयलीन खोटं बोलली. का बोलली? मेलेल्या नवऱ्यावर खून ढकलून ती कुणाला वाचवतेय? हा या रहस्याचा खरा सांधा आहे, आणि आल्टमन त्यावर जराही जोर देत नाहीत. लाटांचा आवाज आणि आरडाओरडा यात तो निसटतो.

मग ऑगस्टीनच्या अड्ड्यावर मार्लोवर बाका प्रसंग असताना अचानक पैसे परत येतात. बाहेर पडल्यावर मार्लोला आयलीन गाडीतून जाताना दिसते. पैसे कुठून आले ते तिथेच कळतं. तो मागे धावतो, दुसऱ्या गाडीची धडक बसते. इस्पितळातून उठून थेट मेक्सिको.

लेनॉक्सने निरोपाच्या पत्रासोबत त्याला ५,००० डॉलरची नोट पाठवली होती. मॅडिसनचं चित्र असलेली ही नोट अमेरिकेने १९६९मध्ये बंद केली. तीच नोट मार्लो मेक्सिकोतल्या अधिकाऱ्यांपुढे ठेवतो, आणि ते कबूल करतात की आत्महत्या बनावट होती. लेनॉक्सचाच पैसा लेनॉक्सचा ठावठिकाणा सांगतो. मला हा सगळ्या कथानकातला सर्वांत घट्ट टाका वाटतो.

रोखठोक_वाचक

वरच्या तिघांनी प्रेमाने लिहिलंय. पण नावडणाऱ्यांची बाजूही पूर्ण मांडली पाहिजे, कारण तीही विचारपूर्वक आहे.

रेमंड चँडलरची कादंबरी १९५३ची. तिच्यात खुनी आयलीन आहे. सिल्व्हियालाही तिने मारलं आणि स्वतःच्या नवऱ्यालाही. लेनॉक्स शेवटी चेहरा बदलून, दुसऱ्या नावाने मार्लोला भेटायला येतो. मार्लो त्याला ओळखतो आणि मैत्री संपवतो, शब्दांनी. हात उचलत नाही. कादंबरीचं वजन त्यातच आहे. हा माणूस कितीही फसवला गेला तरी स्वतःचा नियम मोडत नाही. चित्रपटात तो निःशस्त्र मित्रावर गोळी झाडतो आणि चालायला लागतो. हा केवळ शेवट बदललेला नाही, माणूस बदललेला आहे. नाव ‘फिलिप मार्लो’ ठेवून हे करणं कादंबरीच्या वाचकाला खुपणारच.

दुसरी हरकत कोकच्या बाटलीच्या प्रसंगावर. ऑगस्टीन स्वतःच्या मैत्रिणीच्या तोंडावर काचेची बाटली फोडतो, फक्त मार्लोला दाखवायला की मी माझ्या प्रेमाच्या माणसाचं हे करतो तर तुझं काय करीन. प्रसंग विलक्षण परिणामकारक आहे हे मान्य. पण त्या मुलीला पुढे काय मिळतं? पुन्हा दिसते ती बँडेजमध्ये, आणि तिच्या तोंडी काहीच नाही. शेजारच्या अर्ध्या कपड्यांतल्या योग करणाऱ्या मुलीही फक्त बघायला आहेत. १९७३चा चित्रपट म्हणून सोडून देता येईल, पण मंडळात चर्चा ठेवणार असाल तर हे झाकू नका. प्रेक्षकांत बसलेल्या बायका हे विचारणारच, आणि विचारायलाच हवं.

तिसरं, धागादोरा यांनी कथानक इतकं स्वच्छ लावून दिलं, पण ते चित्रपटाबाहेर बसून लावलंय. सांधाच ऐकू येणार नाही अशी मांडणी करायची आणि मग न कळलेल्याला आळशी म्हणायचं, हे मला पटत नाही.

धागादोरा

@रोखठोक_वाचक, कोकच्या बाटलीबद्दल वाद नाही. शेवटाबद्दल आहे.

शेवट आल्टमननी आयत्या वेळी घुसडलेला नाही. तो ली ब्रॅकेट यांच्या पटकथेतच होता. याच ब्रॅकेटबाई १९४६च्या ‘द बिग स्लीप’च्या पटकथाकारांपैकी एक. चँडलरचा मार्लो पडद्यावर कसा चालतो हे त्यांच्याइतकं जवळून पाहिलेली माणसं थोडीच असतील. आल्टमनना हा शेवट इतका महत्त्वाचा वाटला की तो बदलायचा नाही अशी अट त्यांनी करारात घालून घेतली.

चित्रपटभर मार्लोचं एक पालुपद आहे: माझी काही हरकत नाही. शेजारणी काहीही करोत, पोलीस ढकलोत, हरकत नाही. आल्टमन त्याला वीस वर्षं झोपून उठलेला माणूस मानत. रोज तोच गडद सूट, तोच टाय, १९४८ची लिंकन काँटिनेंटल, आणि तब्येतीला जपणाऱ्या सत्तरच्या लॉस एंजेलिसमध्ये एकटाच दिसेल तिथे काडी ओढून सिगरेट पेटवणारा. त्याची निष्ठा एकाच माणसावर आहे. त्या माणसाने बायकोला मारलं, मित्राला वापरलं, आणि वर तो निवांतपणे म्हणतो की कुणाला काय पडलंय. मार्लो म्हणतो, मला पडलंय. हरकत नाही म्हणणाऱ्या माणसाची ही पहिली हरकत. ती चँडलरच्या मार्लोने घेतली नसती हे मला मान्य. पण चित्रपटातल्या मार्लोने ती कमावली आहे, आणि तिची किंमतही त्याच क्षणी मोजली आहे. तो जिवंत सुटलेला नायक म्हणून परतत नाही, खुनी म्हणून परततो.

मांजराचं मात्र पुन्हा बघा. मार्लो दुसऱ्याच कंपनीचं खाणं मांजराच्या आवडत्या ब्रँडच्या रिकाम्या डब्यात भरतो आणि दार बंद करून, मांजराला दिसणार नाही असं, तो डबा उघडल्याचं नाटक करतो. मांजर फसत नाही, निघून जातं. यानंतर लगेच लेनॉक्स दारात येतो, आणि मांजराला जे जमलं ते मार्लोला जमत नाही. शेवटच्या गोळीच्या आधी मार्लो त्या हरवलेल्या मांजराचा उल्लेख करतो. ही दहा मिनिटं ज्यांना भरताड वाटली, त्यांना पुढचं सगळं सैल वाटणार.

रोखठोक_वाचक

डब्याचा मुद्दा पक्का आहे, तो घेतला. गोळीबद्दल मी आहे तिथेच आहे. मित्राला सोडून देण्यात जी कठोरता आहे ती गोळीत नाही.

जुनी_पोस्टरं

प्रदर्शनाचा इतिहास इथे कामाचा आहे, म्हणून थोडक्यात.

मार्च १९७३मध्ये लॉस एंजेलिस आणि आणखी काही शहरांत चित्रपट लागला. जाहिरात नेहमीच्या खाजगी गुप्तहेराच्या थरारपटासारखी होती. लोक ते बघायला आले, मिळालं हे. परीक्षणं वाईट, गर्दी नाही. न्यूयॉर्कचं प्रदर्शन ऐनवेळी मागे घेतलं. वितरक युनायटेड आर्टिस्ट्सने नवी जाहिरात केली, तिचं पोस्टर ‘मॅड’ या विनोदी मासिकाचे चित्रकार जॅक डेव्हिस यांनी काढलं, सगळ्या पात्रांचं व्यंगचित्र. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला लागला तेव्हा परीक्षणांचा सूर पार बदलला. समीक्षक पॉलीन केल यांनी उचलून धरला. २०२१मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत (जतन करायच्या चित्रपटांच्या यादीत) त्याची नोंद झाली.

चित्रपटाची एक फ्रेमही बदललेली नव्हती. बदललं ते प्रेक्षक काय अपेक्षा घेऊन आत शिरतो एवढंच. म्हणून तुमच्या सूचनापत्रावर ‘खुनाचं रहस्य’ असं मोठ्या अक्षरांत छापू नका. ‘आल्टमनचा लॉस एंजेलिस’ असं काहीतरी लिहा, आणि खून आहे हे खाली बारीक अक्षरांत. हिंसेच्या एका प्रसंगाची सूचना मात्र ठळक द्या.

हेडनच्या भूमिकेसाठी आधी अभिनेते डॅन ब्लॉकर ठरले होते. ते १९७२मध्ये वारले, म्हणून श्रेयनामावलीत त्यांची आठवण आहे. प्रेक्षक विचारतात, माहीत असलेलं बरं.

लघुपटवाला

थोडं अवांतर विचारतो. हे फ्लॅशिंग डिजिटलमध्ये करता येतं का? एका रात्रीच्या लघुपटासाठी हवंय. शॅडो वर उचलल्या की नुसता राखेसारखा करडा थर दिसतो.

निगेटिव्ह_पस्तीस

येतं, पण क्रम महत्त्वाचा. तुम्ही बहुतेक रंगसंगती पूर्ण झाल्यावर लिफ्ट (सावल्या उचलणारा कंट्रोल) वाढवताय, म्हणून राख दिसते. तिथे प्रतिमेवर काँट्रास्टचा वक्र आधीच चढलेला असतो. फ्लॅशिंग प्रकाशात मिसळतं, म्हणून ते वक्राच्या आधी करायचं.

लॉग फुटेज (कॅमेऱ्याने काँट्रास्ट दाबून साठवलेलं चित्रण) लिनियर अवस्थेत, म्हणजे आकडे प्रकाशाच्या थेट प्रमाणात येतील असं, आणा. तिथे ऑफसेटने सगळ्या चॅनेलमध्ये छोटी स्थिर संख्या मिळवा. मग नेहमीचं रूपांतर लावा. ०.००५पासून सुरू करून ०.०२पर्यंत जा, त्यापुढे सहसा गरज पडत नाही. हिशोब असा: मध्यम करडा लिनियरमध्ये ०.१८. त्याच्या चार स्टॉप खालची सावली ०.०११२५. दोन्हींत ०.०१ मिळवा. सावली ०.०२१२५ झाली, म्हणजे जवळजवळ एक स्टॉप वर. मध्यम करडा ०.१९, फरक स्टॉपच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. चेहरे जागेवर राहतात आणि सावल्या उघडतात. निळसर छटा हवी असेल तर निळ्या चॅनेलमध्ये किंचित जास्त मिळवा.

बिघडतं ते नॉइजमुळे. फिल्मचा कण सावलीत वर आला तरी डोळ्याला बरा वाटतो, सेन्सरचा नॉइज ठिपक्यांनी आणि पट्ट्यांनी वर येतो. म्हणून शूट करतानाच साधारण एक स्टॉप जास्त उजेड द्या आणि नंतर खाली आणा. आणि आठ बिटमध्ये चित्रित करू नका. आकाशात आणि भिंतींवर पायऱ्या दिसतील, त्या नंतर काढता येत नाहीत.

प्रत्यक्ष कॅमेऱ्यावर करायचं असेल तर भिंगापुढे प्रकाश मिसळणारी उपकरणं होती, अ‍ॅरीचं व्हॅरिकॉन त्यातलं एक. भाड्याने मिळालं तर चाचणी घेऊन बघा, पण भिंगावर धूळ असेल तर तीही उजळून दिसते.

पडदा_उघडा

सगळ्यांचे आभार. आता ठरलं ते असं: २.३५ची प्रत, काँट्रास्ट जसा आहे तसा, मखमल फक्त वरच्या पट्टीवर, उपशीर्षकं खालच्या पट्टीत, आवाज मोनो. सुरुवातीला पाच मिनिटं जुनी_पोस्टरं यांचा मुद्दा सांगणार, कथानक अजिबात सांगणार नाही. चर्चेची सुरुवात रोखठोक_वाचक यांच्या तिन्ही हरकतींनी करतो, म्हणजे नावडलेल्यांना हात वर करायला संकोच वाटणार नाही. धागादोरा यांचा क्रम छापून ठेवतो आणि चर्चा संपल्यावर वाटतो.

एक राहिलं. मध्यंतर घ्यावं लागतं, हॉलचा नियम आहे. कुठे घेऊ?

मध्यलय

पार्टी सुरू होण्याआधी. पार्टी, थप्पड, खिडकी आणि समुद्र हे एकसंध आहे, त्यात कुठेही तोडलंत तर वेडचं जाणं अचानक वाटेल. आणि दुसरा भाग सुरू करताना आवाज पहिल्या भागाइतकाच ठेवा. मध्यंतरानंतर लोक बोलत असतात म्हणून ऑपरेटर तो वाढवतो, आणि मग लाटांखाली आयलीनचं खोटं बुडायच्या ऐवजी लाटाच कान फोडतात.